काळी पाच: चक बेरीच्या गावात पाच दिवस

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३. शिकागो

पहाटे साडेतीनला उठून हॉटेलच्या खोलीत भारत-पाकिस्तान सामना पाहिला. तो जिंकून झाल्यावर आंघोळ केली आणि साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरचा २१२० नंबर शोधायला निघालो. ऑफिसच्या कामासाठी पंधरा दिवस शिकागोत होतो, ते काम कालच संपलं. सोबतच्या मंडळींनी नायगारा ठरवला. मी चक बेरी ठरवला.

चक बेरी म्हणजे रॉक अँड रोलवाला गायक आणि गिटारवाला. खूळ जुनंच. डोंबिवलीत बारावीला असताना घरच्यांच्या डोक्याशी कटकट करून गिटार घेतली होती. चक बेरीच्या हातात गिब्सन असायची, माझ्या हातात कोलकात्याची गिवसन. फरक एका अक्षराचा, असं म्हणून मित्र खिदळायचे. त्याच्या 'जॉनी बी. गूड' ह्या गाण्याची सुरुवात बसवायला आठ महिने लागले, आणि बसली तरी कॅसेटबरोबर वाजवली की बेसूर. कॅसेटच ताणली गेली असणार असं समजून मी गप्प बसलो. पुष्कळ वर्षांनी कळलं की, पेटीवरच्या पट्ट्यांच्या भाषेत, मी पांढरी सहात वाजवत होतो आणि चक बेरी काळी पाचमध्ये. अर्ध्या सुराचं अंतर.

पण गिटारवाला माणूस काळी पाच कशाला घेईल? गिटारच्या मोकळ्या तारांना सोयीच्या पट्ट्या म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा. तिथे षड्ज, म्हणजे सा, मोकळ्या तारेवर आयता मिळतो. काळी पाचमध्ये तसा मिळत नाही, प्रत्येक वेळी दाबून काढावा लागतो. हा प्रश्न डोक्यात घेऊनच निघालो होतो.

२१२० ही दोन मजली, अरुंद, सहज नजरेतून सुटेल अशी इमारत आहे. लिओनार्ड आणि फिल चेस हे पोलंडहून आलेल्या कुटुंबातले दोघे भाऊ १९५७ मध्ये आपली 'चेस' ही रेकॉर्ड कंपनी घेऊन इथे आले. आता इथे विली डिक्सनच्या नावाची, ब्लूज ह्या काळ्या अमेरिकनांच्या संगीताची संस्था आहे. हा डिक्सन चेसचा गीतकार, बासवादक आणि बऱ्याच अर्थांनी घरचा माणूस. वेळ ठरवून घेतली होती, म्हणून आत घेऊन जायला एक आजोबा तयार होते. जिना चढून वरच्या खोलीत गेलो. मी काहीतरी भव्य मनात धरलं असावं, कारण आजोबाच हसून म्हणाले, "सगळ्यांचा चेहरा इथे असाच पडतो." खोली आपल्याकडच्या शाळेतल्या वर्गाएवढीच असेल.

६ जानेवारी १९५८ ला 'जॉनी बी. गूड' ध्वनिमुद्रित झालं. बासवर स्वतः डिक्सन, ड्रमवर फ्रेड बिलो, पियानोवर लाफायेट लीक. त्या गाजलेल्या सुरुवातीबद्दल चक बेरीने कधी आडपडदा ठेवला नाही: लुई जॉर्डनच्या १९४६ च्या एका रेकॉर्डवर कार्ल होगन नावाच्या गिटारवाल्याने जवळजवळ हेच वाजवलं होतं, तिथूनच उचललं. दोन्ही लागोपाठ ऐकली तर कोणालाही कळतं. होगनचं वाजवणं सुबक आहे, ते वाजून संपतं. चक बेरीचं ऐकताना मात्र पुढे काहीतरी घडणार असं वाटत राहतं.

त्याचं पहिलं गाजलेलं गाणं 'मेबेलिन' इथलं नव्हे, हे आजोबांनी आवर्जून सांगितलं. ते १९५५ चं, कंपनी जुन्या जागेत असतानाचं. त्या मे महिन्यात सेंट लुईसचा हा अठ्ठावीस वर्षांचा माणूस शिकागोत आला, ब्लूजगायक मडी वॉटर्सचं गाणं ऐकलं आणि कार्यक्रम संपल्यावर त्यालाच विचारलं की रेकॉर्ड करायची तर कुणाला भेटू. "लिओनार्ड चेसला भेट." चक बेरीने चेसला 'आयडा रेड' नावाच्या जुन्या ग्रामीण चालीवर बेतलेलं गाणं ऐकवलं. चेसला चाल आवडली, नाव नाही. मस्काराच्या डबीवरून 'मेबेलिन' हे नाव आलं, असं त्याचा पियानोवाला जॉनी जॉन्सन सांगायचा. लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांत ते कृष्णवर्णीयांच्या यादीत पहिलं आलं आणि सर्वसाधारण यादीत पाचवं.

रेकॉर्ड हातात आली तेव्हा तिच्यावर गीतकार म्हणून तीन नावं होती. एक चक बेरीचं. दुसरं ॲलन फ्रीडचं, म्हणजे रेडिओवर रेकॉर्ड लावणाऱ्या माणसाचं. तिसरं रस फ्रॅटोचं, ज्याचा संगीताशी काडीचा संबंध नव्हता. ही दोन नावं पुसायला १९८६ उजाडलं. आयुष्यभर हा माणूस गिटार उचलण्याआधी रोख पैसे मोजून का घ्यायचा, ते त्या जिन्यावरून उतरताना मला जरा उमगलं.

रविवार, १५ ऑक्टोबर. शिकागो ते सेंट लुईस

साडेपाच तासांची गाडी. खिडकीबाहेर कापणी झालेला मका, मध्येच पाण्याची टाकी, पुन्हा मका. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये निदान चहावाला तरी येतो.

गाडी स्प्रिंगफील्डला थांबली. हे इलिनॉयमधलं, लिंकनचं. चक बेरीच्या तुरुंगवासाची अखेर झाली ते स्प्रिंगफील्ड मिसुरीतलं. ही गोष्ट टाळून त्याच्यावर लिहिता येत नाही, आणि टाळलेलं मला आवडतही नाही. १९५९ च्या डिसेंबरात एका १४ वर्षांच्या मुलीला राज्याच्या सीमा ओलांडून आणल्याबद्दल त्याला अटक झाली. पहिल्या खटल्यातल्या न्यायाधीशाची शेरेबाजी इतकी वर्णद्वेषी होती की वरच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. दुसऱ्यांदा खटला चालला, पुन्हा दोषी ठरला. फेब्रुवारी १९६२ ते ऑक्टोबर १९६३ आत होता. न्यायाधीश वर्णद्वेषी होता हे खरं, आणि मुलगी चौदा वर्षांची होती हेही खरं. त्याचे चाहते पहिलं वाक्य मोठ्याने म्हणतात, दुसरं हळू.

आत असताना त्याने गाणी लिहिली. पूर्व किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियापर्यंत बस, आगगाडी, विमान करत जाणाऱ्या माणसाचं एक गाणं होतं, त्यातला मार्ग चुकू नये म्हणून त्याने अमेरिकेचा नकाशा मागितला. कैदी नकाशा मागतोय म्हटल्यावर तुरुंगवाल्यांना वेगळाच वास आला. तो सुटला तोवर इंग्लंडमध्ये रोलिंग स्टोन्स ह्या बँडची पहिली रेकॉर्ड बाजारात आली होती आणि तिच्यावरचं गाणं चक बेरीचं होतं. अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांना त्यांच्याच देशातला हा माणूस समुद्रापलीकडून परत कळला.

सेंट लुईसच्या अलीकडे गाडी ऑल्टनला थांबते. इथे मे १९२६ मध्ये जॅझचा ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस जन्मला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला नदीपलीकडे चक बेरी. एकाच पाण्यावरची दोन पोरं, पुढे एकाने एवढं कमी वाजवायला शिकवलं आणि दुसऱ्याने एवढं नाचत वाजवायला!

स्टेशनवर मामेभाऊ आला होता. मी त्याला दादाच म्हणतो. घरी पोचलो तर वहिनींनी सकाळीच घट बसवले होते, देव्हाऱ्यासमोर पत्रावळीऐवजी ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये माती पसरून गहू पेरलेले. उपासाचं थालीपीठ आणि दाण्याची आमटी. मी कशासाठी आलोय ते ऐकून वहिनी म्हणाल्या, "भावजी, आम्ही इथे बारा वर्षं राहतोय, ती गेटवे कमान सोडून कोणाला काही दाखवायला नेलं नाही. बरं झालं आलात."

सोमवार, १६ ऑक्टोबर. द व्हिल

दादाने अर्धा दिवस रजा टाकली. शहराच्या उत्तर भागात जायचं म्हटल्यावर त्याने आधी दोनदा विचारलं, "नक्की?" डेलमार नावाचा पूर्व-पश्चिम रस्ता आहे. त्याच्या उत्तरेला काळी वस्ती, दक्षिणेला गोरी. हे इथे कोणी लपवत नाही. गाडी डेलमार ओलांडून गेली की चार-पाच चौकांतच फरक जाणवतो: लाल विटांची देखणी घरं आणि दोन घरांमध्ये दात पडल्यासारखी मोकळी जागा.

द व्हिल हा भाग एकेकाळी सेंट लुईसमधल्या काळ्या मध्यमवर्गाचा अभिमान होता. शिक्षक, डॉक्टर, कंत्राटदार राहायचे. चक बेरीचे वडील सुतारकाम-बांधकाम करायचे आणि चर्चमध्ये डीकन होते, आई शिक्षणक्षेत्रातली. म्हणजे कापसाच्या शेतातून आलेला अशिक्षित ब्लूजवाला, ही प्रतिमा इथे लागूच पडत नाही. घरात कविता म्हणायची पद्धत होती. त्याच्या गाण्यांतले शब्द इतके टणक आणि नेमके का, शाळा, गाडी, बिलं, ज्यूकबॉक्स यांचं वर्णन इतकं स्पष्ट का, ह्याचं मूळ ह्या गल्ल्यांत आहे. आधी ज्या रस्त्यावर घर होतं त्याचं नाव गूड ॲव्हेन्यू. तोच तो 'जॉनी बी. गूड'मधला गूड. आज त्या रस्त्याला ॲनी मॅलोन यांचं नाव आहे. केसांच्या प्रसाधनांचा मोठा धंदा उभारणाऱ्या ह्या बाईंनी पोरो कॉलेज काढलं, आणि चक बेरी तिथेच केशरचना शिकला. गिटारवर पोट चालेल असं तेव्हा त्यालाही वाटत नव्हतं. मोटारींच्या कारखान्यात काम केलं, झाडूपोछा केला, हेही केलं.

समनर हायस्कूलसमोर गाडी लावली. मिसिसिपीच्या पश्चिमेकडचं कृष्णवर्णीयांसाठीचं हे पहिलं हायस्कूल, १८७५ चं. आताची इमारत १९१० ची, लांबलचक, लाल विटांची, चढाच्या पायऱ्या. मधली सुट्टी झाली असावी, दोन मुलं पायऱ्यांवर बसून एकाच फोनमध्ये डोकं घालून काहीतरी बघत होती. गायिका टीना टर्नर इथली, टेनिसपटू आर्थर ॲश इथला. १९४१ मध्ये शाळेच्या कार्यक्रमात पंधरा वर्षांच्या चक बेरीने एक मोठ्या माणसांचा ब्लूज गायला. शिक्षकांच्या कपाळावर आठ्या, पोरांचा दंगा. साथीला मित्राची गिटार होती. ती बघून त्याने स्वतः गिटार हातात घेतली.

तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, मित्रांबरोबर केलेल्या सशस्त्र लुटीसाठी तो सुधारगृहात गेला आणि १९४७ ला, एकविसाव्या वाढदिवशी, सुटला.

मग व्हिटियर स्ट्रीट. आधी होमर जी. फिलिप्स हॉस्पिटलची प्रचंड इमारत लागते. काळ्या डॉक्टरांच्या पिढ्या इथे घडल्या, हॉस्पिटल १९७९ मध्ये बंद झालं. मग ३१३७ नंबर. १९५० मध्ये बायको थेमेटा आणि मुलीसाठी चक बेरीने घेतलेलं घर. ह्या तारखेला एक संदर्भ आहे. काळ्यांना घर विकायचं नाही अशी कलमं तोवर खरेदीखतातच असायची. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, आणि ज्या घरावरून तो खटला झाला ते ह्याच भागात, लबाडी ॲव्हेन्यूवर आहे. (रस्त्याचं नाव खरोखर असंच वाचलं जातं. दादा आणि मी दोघंही हसलो.)

घर बैठं आहे, विटांचं, समोर लहानसा ओटा. २००८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत गेलं, पण बंदच. ओट्याच्या फटीतून हातभर गवत आलेलं. ह्या घरात तो राहायचा तेव्हाच 'मेबेलिन' आलं, 'रोल ओव्हर बीथोव्हन' आलं, 'जॉनी बी. गूड' आलं. मी फोटो काढत असताना शेजारच्या बाजूने एक आजी पानं गोळा करता करता थांबल्या.

"इंग्लंडहून का?"

"इंडियाहून."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्या लांबून? बरं. फोटो काढा हवे तेवढे. माझ्या हिरवळीवर पाय देऊ नका." आणि पुन्हा पानं गोळा करायला लागल्या. दादा गाडीत बसल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी उगाच दोनदा विचारलं तुला."

मंगळवार, १७ ऑक्टोबर. नदीपलीकडे, आणि फॉक्स

आज एकटाच. मेट्रो इड्स ब्रिजच्या खालच्या मजल्यावरून मिसिसिपी ओलांडते. पूल १८७४ चा. पलीकडे इलिनॉय राज्य, ईस्ट सेंट लुईस. कॉस्मोपॉलिटन क्लब आता नाही, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर ह्याच काठावर होतं.

३१ डिसेंबर १९५२. पियानोवाला जॉनी जॉन्सन आपलं त्रिकूट घेऊन त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात नववर्षाच्या कार्यक्रमाला वाजवणार होता. सॅक्सोफोनवाला आजारी पडला. बदली म्हणून त्याने चक बेरीला बोलावलं. बदलीचा माणूस थोड्याच काळात मालक झाला. प्रेक्षक काळे, त्यांना ब्लूज हवा. हा मध्येच खेडवळ गोऱ्यांची गाणी लावायचा, लोक आधी हसले, मग त्यावर नाचायला लागले. हा कोण काळा गावंढळ, अशी कुजबुज झाली आणि नदीपलीकडून गोरेही ऐकायला येऊ लागले. गोऱ्यांसाठी तो शब्द स्वच्छ, सुटे उच्चारायचा. काळ्यांसाठी लय. दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळायची ही दुकानदारी त्याला इथे जमली, आणि जगाला त्याचं रॉक अँड रोल झालं.

पण गिटार त्याने पियानोवाल्याच्या घरात जाऊन वाजवली. जॉन्सनच्या बोटांना आणि सॅक्सोफोनला सोयीच्या पट्ट्या म्हणजे काळी पाच, काळी दोन. चक बेरी पाहुणा म्हणून आला, तेव्हा पट्टी यजमानाची. मग पियानोवर उजवा हात दोन-दोन सूर एकदम दाबून जे वाजवतो तेच त्याने गिटारच्या दोन तारा एकदम दाबून वाजवलं. रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स ह्याच्यासारख्यांनी पुढे ह्यावर बोट ठेवलं. आपण ज्याला गिटारची भाषा म्हणतो तिचं निम्मं व्याकरण पियानोचं आहे.

जॉन्सनने २००० मध्ये गाण्यांत आपलाही वाटा आहे म्हणून दावा लावला. फार वर्षं उलटली ह्या कारणावरून २००२ मध्ये तो निकालात निघाला. गाणी चक बेरीचीच, असं मला वाटतं. त्यातले शब्द दुसऱ्या कोणाला सुचणं शक्य नाही. पण 'मेबेलिन'वरच्या दोन फुकट्या नावांची चीड आयुष्यभर बाळगणाऱ्या माणसाने स्वतः एक नाव लिहायला हरकत नव्हती.

मेट्रोने परत, मग ग्रँड बुलेव्हारवर फॉक्स थिएटर. १९२९ चं. आत शिरलं की डोळे दिपतात: सोनेरी खांब, हत्ती, सयाम आणि बायझँटियम यांची खिचडी, आपल्या कुठल्याही संस्थानिकाला लाजवेल अशी. तिकीटखिडकीशी मात्र मी जरा थांबलो. चक बेरी लहानपणी वडिलांबरोबर इथे सिनेमा बघायला आला आणि रंग बघून त्यांना परत पाठवलं. १९८६ च्या ऑक्टोबरात त्याची साठी ह्याच थिएटरात झाली. साथीला गिटारवर कीथ रिचर्ड्स, एरिक क्लॅप्टन, आणि पियानोवर जॉनी जॉन्सन. तोवर जॉन्सन म्हाताऱ्या लोकांची बस चालवत होता, रिचर्ड्सने त्याला परत पियानोपाशी आणून बसवलं. ज्या खिडकीतून हाकललं त्याच घरात चक बेरीने स्टेजवर आपली लाल कॅडिलॅक मोटार चढवली. मला हा प्रसंग सिनेमात खोटा वाटला असता.

बुधवार, १८ ऑक्टोबर. डेलमार

आज त्याचा वाढदिवस. असता तर ९७. तो गेला १८ मार्च २०१७ ला, नव्वदीत.

ऑफिस सुटल्यावर दादा, वहिनी आणि पुतण्या असे सगळे डेलमार लूपला गेलो. ब्लूबेरी हिल रेस्टॉरंटच्या समोर त्याचा आठ फुटी पुतळा आहे, २०११ चा. तो बसवायला काही लोकांचा विरोध होता, कारण एक ते जुनं प्रकरण, दुसरं १९९० चं: त्याच्या स्वतःच्या रेस्टॉरंटच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात छुपा कॅमेरा ठेवल्याचा आरोप अनेकींनी केला आणि ते पैसे देऊन मिटवावं लागलं. वहिनींना हे मी गाडीत सांगितलं होतं. त्या पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या, फोटोला मात्र आल्या नाहीत. मी आलो. तेवढं नोंदवून ठेवतो.

तळघरात डक रूम. त्याच्या एका पायावर फुदकत जायच्या चालीवरून हे नाव. १९९६ ते २०१४ दर महिन्याला असे २०९ कार्यक्रम त्याने इथे केले. एरवी गावोगाव एकटा जायचा, गिटार आणि रोख रकमेचा करार घेऊन. साथीला तिथलीच पोरं, तालीम नाही, कोणतं गाणं कोणत्या पट्टीत ते सांगायचंही नाही. १९७३ मध्ये अशा पोरांत गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन होता. इथे मात्र बँडमध्ये मुलगा आणि मुलगी. आज कार्यक्रम नव्हता. वेटरने दिवा लावून दाखवलं. बुटकं छत, जेमतेम स्टेज.

घरी आल्यावर पुतण्याची गिटार मागून घेतली. वहिनींनी पेटी काढली. त्यांचं माहेर फोंड्याचं, गाणं शिकलेल्या. "तुमचा हा चक बेरी व्हॉयेजरवर आहे ना? आमच्या केरीच्या केसरबाईसुद्धा आहेत." मला ते माहीत होतं, पण क्रम त्यांनी सांगितला. १९७७ ला व्हॉयेजर अंतराळयानाबरोबर गेलेल्या त्या सोनेरी तबकडीवर २७ रचना, सातवा चक बेरी, पंचविसाव्या केसरबाई, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. शेवटी बीथोव्हन, ज्याला चक बेरीने बाजूला हो म्हटलं होतं. मराठीतला नमस्कारही आहे. यान आता सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर. केसरबाई ते उडालं त्याच सप्टेंबरात गेल्या.

मी सुरुवात वाजवली, ह्या वेळी काळी पाचमध्ये, सहाव्या फ्रेटवर. गिटारच्या दांडीवर पाचव्याला ठिपका असतो, सातव्याला असतो, सहाव्याला नसतो. तर्जनी आडवी टाकून वरच्या दोन तारा एकदम दाबायच्या आणि तेच तेच छेडत राहायचं. वहिनींनी हात वर करून मला थांबवलं. पेटीवर दोन सूर धरले. पुन्हा वाजवायला लावलं.

"पंचम आणि वरचा सा, एकदम. भावजी, हा तंबोरा लावताय की गिटार वाजवताय?"

मी बोटं बघितली. खरंच पंचम आणि षड्ज. पंचवीस वर्षं तीच जागा दाबतोय. वहिनींनी तोच पंचम-षड्ज पेटीवर धरून ठेवला, मी त्यावर पुढचं सोडलं, आणि वरून पुतण्या जिना उतरत ओरडला, "काका, हे 'बॅक टू द फ्यूचर'मधलं आहे!"

दादा म्हणाला, दहा वाजलेत, शेजारी पोलीस बोलावतील. मग आवाज कमी करून साडेअकरापर्यंत वाजवलं.